बाईंच्या सासूबाई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंकडे बोट दाखवतो. आईला आणि दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी यात धरत नाही. त्यांच्यापाशी जे होतं ते त्यांनी दिलंच. पण आमच्या घरात पहिला पदवीधर झाला तो बाईंमुळे, आणि त्याहून मोठं एक देणं आहे, ते पुढे येईलच.

बाईंचं नाव इथे लिहीत नाही. नावांवर त्यांचा विश्वास नव्हता. तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी आम्हाला इतकी वर्षं शिकवलं, पण कोणालाही कधी नावाने हाक मारली नाही. सगळे 'विद्यार्थी'. वर्गातले तर होतेच, पण वर्गाबाहेरचेही. भाजीवाला, डॉक्टर, फौजदार, ज्याच्याशी बोलायचं तो विद्यार्थी. एकदा मी त्यांच्याबरोबर एसटीत होतो. पिकल्या मिशांचा कंडक्टर जवळ आला तशा बाई म्हणाल्या, "विद्यार्थी, दोन शिरूर दे."

"बाई, मी पुढच्या महिन्यात रिटायर होतोय," तो म्हणाला.

"मग आता तरी तिकिटं नीट फाडायला शिक."

तो हसला आणि पूर्ण प्रवासभर बाईंच्या शेजारी उभा राहून आपल्या मधुमेहाबद्दल बोलत राहिला. बाईंचं हे असंच असायचं. त्या टोचून बोलायच्या आणि माणसं त्यांच्याजवळ सरकायची.

बाईंचं नाक प्रसिद्ध होतं. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या तरी त्यांना फिकीर नसे. झाकण उघडायच्या, हाताने वाफ नाकाकडे ओढायच्या आणि नाव सांगायच्या. आमच्या वह्याही त्या तपासण्याआधी हुंगायच्या. "ही वही गोठ्यात लिहिलीस," एखाद्याला म्हणायच्या. त्याला ते खरं म्हणून मान हलवावी लागे. माझ्या पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला त्या माझ्या मागे थांबल्या. हळूच म्हणाल्या, "विद्यार्थी, तुझ्या तोंडाला ॲसिटोनचा वास येतोय. माणूस उपाशी राहिला की येतो. कालपासून जेवला न्हाईस."  त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, स्वतःचा डबा उघडून पुढे ठेवला आणि बाहेर जाऊन सगळ्या वर्गाला ॲसिटोन शिकवलं. कोणालाही काही कळलं नाही. मी आत बसून ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि भिंतीपलीकडून तो धडा ऐकला. तो मला आजही पाठ आहे.

माझे आईदादा ऊसतोडीला जायचे. आमच्या शिरूर कासारच्या भागात ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि वस्ती रिकामी व्हायची. म्हातारी माणसं, शाळेतली थोडी पोरं आणि कुत्री मागे उरायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी उसाच्या फडात दादांच्या पाठीत उसण भरली. त्यांच्या जागी कोयता धरायला मी गेलो. परीक्षा जवळ आली होती, पण ती मी मनातून काढून टाकली होती.

एक दिवस दुपारी फडाच्या बांधावर छत्री दिसली. बाई होत्या. दोन एसट्या बदलून आणि कारखान्याच्या गेटपासून चालत आल्या होत्या. मुकादम पुढे झाला.

"कोण पायजे, बाई?"

"माझा विद्यार्थी पायजे."

"त्याला काम हाय."

"मलाबी हाय. बसते मी."

त्या बांधावर बसल्या आणि पिशवीतून पेपर काढून तपासू लागल्या. मी वाकून ऊस तोडत होतो आणि वर बघायची माझी हिंमत नव्हती. उन्हं कलली, गाडी भरायची वेळ झाली. बाईंनी पेन पिशवीत ठेवलं, पदर खोचला आणि एक मोळी उचलून डोक्यावर घेतली. पन्नाशी उलटलेली बाई, चष्मा घातलेली, उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायला लागली. मुकादम धावत आला.

"बाई, ठेवा, ठेवा! लोकं मला काय म्हणतील?"

"काम संपल्याबिगर तो येणार न्हाई म्हणालास की. संपवते."

"घेऊन जा बाई त्याला! आत्ताच्या आत्ता घेऊन जा!"

परतीच्या एसटीत त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मध्ये फक्त एकदा विचारलं, "बेंझीनचं नायट्रेशन सांग." मी सांगितलं. त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

बाई दिंद्रुडच्या मोठ्या घरातल्या. वडिलोपार्जित बागायत, भावाची डेअरी, राजकारणात ऊठबस. भावाच्या गाड्याही होत्या, आणि हंगामात त्या ऊसतोडीच्या टोळ्या वाहायच्या. बाईंनी लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी भावाकडे वाटणी मागितली ती बागायतीची नाही, तर आमच्या वस्तीजवळच्या त्यांच्या आजोळच्या माळाची. त्या माळावर कुसळं आणि रोशा यांपलीकडे काही उगवत नव्हतं. भावाने हसत कागदावर सही केली. त्याच दिवशी बाई जेवता जेवता पानावरून उठल्या. पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "ज्या घरच्या ट्रकात लेकुरवाळ्या बाया जनावरांसारख्या भरतात, त्या घरचं पाणी मी पिणार न्हाई." त्यानंतर त्या दिंद्रुडला गेल्या नाहीत. ही गोष्ट आमच्या वस्तीवर सगळ्यांना माहीत होती. बाया ती एकमेकींना सणासुदीला सांगायच्या.

रोशा म्हणजे एक उंच गवत. चुरगाळलं तर गुलाबासारखा वास येतो. शेळ्यामेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत, पण फुलावर आलं की त्यातून तेल निघतं आणि अत्तरवाले व्यापारी ते नेतात. बाईंनी सगळ्या माळावर रोशा लावला. पत्र्याच्या शेडखाली वाफेची भट्टी बसवली. वस्तीतल्या बाया पावसाळ्यानंतर तिथे कामाला येऊ लागल्या. त्यांच्या लुगड्यांना इतका वास यायचा की बाजारच्या दिवशी एसटीत लोक विचारायचे, "कुण्या नवाबाच्या लग्नाला गेलतात का काय?"

तेल काढल्यावर मागे राहायचा तो शिजलेल्या गवताचा चोथा. आधी आम्ही तो वाळवून भट्टीतच जाळायचो. धूर मरणाचा व्हायचा. भट्टीपाशी सुंदराकाकू बसायच्या, टोळीतल्या सर्वांत वयस्क. त्यांचे डोळे कायम लाल. बाईंनी दोन वर्षं ते पाहिलं आणि मग एके दिवशी गवंडी बोलावला. माळावर खड्डा खणला, गॅसची विहीर बांधली, तिच्यावर लोखंडी डोम बसवला. चोथा कडबाकुट्टीत बारीक करायचा, हौदात भिजवायचा आणि विहिरीत सोडायचा. आत तो कुजतो, गॅस होतो, गॅसवर भट्टी चालते. उरलेलं पातळ खत पुन्हा रोशाला. मी पदवी घेऊन तेव्हा बाईंच्याच हाताखाली काम करत होतो. गॅसची पहिली निळी ज्योत लागली त्या दिवशी बाईंनी भट्टीची जाळ घालायची तोंडं विटांनी बंद करून टाकली.

मी म्हणालो, "बाई, अडीअडचणीला राहू द्यायची होती."

"राहिली की अडचण रोज येती," त्या म्हणाल्या.

त्या गॅसच्या विहिरीला बाई 'सासूबाई' म्हणायच्या. याची सुरुवात बायांना शिकवण्यातून झाली. सूक्ष्मजीव, आम्लता हे शब्द त्यांनी वापरून पाहिले. बाया नुसत्या माना हलवायच्या. मग एक दिवस बाई म्हणाल्या, "हे बघा, ही तुमची सासू हाय. तिला दात न्हाईत. कोरडं, जाडंभरडं वाढलं तर चालणार न्हाई. वेळेवर वाढायचं. जास्त वाढलं तर पोट बिघडंल, कमी वाढलं तर रुसंल. अन् आधी तिला, मग दुसऱ्या कामाला हात." सगळ्यांना एका क्षणात सगळं समजलं.

"बाई, आमाला एक पुरंना म्हणून दुसरी आणली व्हय?" माझी आई म्हणाली.

"ही बरी हाय. टोमणे मारत न्हाई."

"मारत कशी न्हाई? दिसभर गुडगुडती की!"

तेव्हापासून डोम वर आला की "सासूबाई खूश", आणि खाली बसला की "सासूबाईंनी अंथरूण धरलं". कधी आतलं आंबट झालं तर बाई चोथा बंद करून चुन्याची निवळी द्यायच्या आणि जाहीर करायच्या, "आज सासूबाईंचं लंघन." लग्न न केलेल्या बाईला साठीनंतर सासू मिळाली, म्हणून वस्तीत हसणं व्हायचं. बाईही हसायच्या, पण सासूबाईंना वाढायच्या वेळी त्या स्वतः तिथे उभ्या असायच्या. चोथ्याच्या प्रत्येक ढिगातून मूठभर उचलून नाकाशी न्यायच्या. एखादा ढीग बाजूला काढायला लावायच्या, "हा अजून दोन दिवस उघड्यावर पडू द्या." का, ते सांगत नसत. बायाही विचारत नसत. बाईंचं नाक म्हणजे शेवटचा शब्द.

कोरोनाच्या साथीत बाई आठवडाभर आजारी होत्या, घरीच बऱ्या झाल्या. त्यानंतर ढीग तपासताना त्या मूठ माझ्यापुढे धरू लागल्या. "तू सांग, विद्यार्थी." मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. मी मन लावून वास घ्यायचो आणि उत्तर द्यायचो. त्या "बरोबर" म्हणायच्या.

पुढे एका वर्षी रोशा चांगला आला आणि भट्टी हिवाळाभर चालेल अशी चिन्हं दिसली, तेव्हा टोळीने ठरवलं की या खेपेला ऊसतोडीला जायचं नाही. हे ठरवणं किती मोठं होतं, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. आईदादांनी मुकादमाची आगाऊ उचल घेतली नाही. मुकादम दोनदा येऊन गेला. हा फडातला तोच मुकादम. वाईट माणूस नव्हता, त्याचंही पोट त्यावर होतं. तो आईला म्हणाला, "वैनी, गवतावर कुणाचा संसार चालतो का? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गाडी आणतो. तोवर बघा. एकदा गाडी गेली की मग मला फोन करू नका." आई म्हणाली, "बघू." पण ऊसतोडीला न्यायचा तिचा पत्र्याचा पेटारा माळ्यावरच होता, तो ती खाली काढत नव्हती.

दिवाळीच्या आधी बाईंनी हंगामातल्या तेलाचा पहिला कॅन बायांना दिला. "हा तुमचा. विका, वाटून घ्या, काय करायचं ते करा."

दिवाळीत मी बहिणीला आणायला तेलगावला गेलो होतो. पाडव्याला परतलो आणि सरळ माळावर गेलो. डोम खाली बसला होता. भट्टीपाशी ज्योत पिवळी, बारीक, आणि माझ्या डोळ्यांदेखत विझली. बाई सासूबाईंच्या तोंडाशी उभ्या होत्या, जिथून चोथा आत सोडतात तिथे.

"काय झालं असंल रे?" त्या म्हणाल्या. "चोथा तोच, पाणी तेच. कालपासून गॅसच न्हाई."

मला तर लांबूनच कळलं होतं. त्या तोंडातून रोशाच्या तेलाचा दरवळ येत होता, एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात यावा तसा. मी म्हणालो, "बाई, आत तेल गेलंय."

"कशावरून?"

"वास येतोय की, बाई. इथं उभं राहवत नाही इतका."

बाई वाकल्या. तोंडाजवळ चेहरा नेऊन त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्या सावकाश उभ्या राहिल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

"मला न्हाई येत," त्या म्हणाल्या. "त्या आजारापासून मला कशाचाच वास येत न्हाई."

 ज्या नाकाने माझी भूक ओळखली होती ते नाक गेलं होतं आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात सुंदराकाकू फराळाचा डबा घेऊन आल्या. नवं लुगडं, चेहरा उजळलेला. "आला का रं लेका? बघ, आमी तुझ्या बाईच्या सासूला पहिल्या आंघोळीला तेल घातलं! पहाटं पहाटं आलो सगळ्याजणी, बाईला न कळू देता. दिवाळीला सासूचं डोकं कोरडं ठेवायचं व्हय?"

"कुठलं तेल, काकू?"

"बाईनं दिल्यालं. आमची पहिली कमाई, मग पहिलं तिला नको?"

"किती घातलं?"

"सगळं घातलं की! हात आखडायचा का?"

बाईंनी सुंदराकाकूंच्या हातातला डबा घेतला. "छान केलंस," म्हणाल्या. "आता सगळ्यांना बोलावून आण."

सगळ्या आल्या. त्यात आई होती. बाई उभ्या राहूनच बोलल्या, वर्गात बोलायच्या तशा. "रोशाचं तेल तुमच्या आमच्यासाठी चांगलं. सासूबाईंच्या पोटात बारीक जीव हायत, ते चोथा खाऊन गॅस करत्यात. ते या तेलानं मरतात. म्हणून मी ढिगाचा वास घेत होते. तेल उरलेला चोथा आत जाऊ नये म्हणून. पण कशासाठी घेते, ते मी तुमाला कधीच सांगितलं न्हाई. सगळी हयात पोरांच्या पेपरात 'कारण लिहिलं नाही' म्हणून मार्क कापले. अन् तुमाला कारण सांगितलं न्हाई. ही चूक माझी हाय. दुसऱ्या कुणाची न्हाई."

सुंदराकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. "म्हंजी आमी मारलं तिला?"

"तेल घातलंस, विष न्हाई घातलंस. रडू नको. घमेली आण."

त्या दिवशी सणाच्या लुगड्यांनिशी बायांनी विहीर निम्मी उपसली. मी विटा काढून जाळ घालावा म्हणालो, पण परतीच्या पावसाने चोथा ओलाचिंब होता आणि आमच्या माळावर लाकूड म्हणजे बाभळीच्या चार काटक्या. रोशा फुलावर उभा होता. तो दोन-तीन आठवड्यांत वाळला असता आणि त्यातलं तेल उडून गेलं असतं. नुसतं शेण घालून विहीर चालू व्हायला महिना लागला असता. चालू असलेल्या एखाद्या मोठ्या गॅसच्या विहिरीतली स्लरी, म्हणजे आतला पातळ काला, टँकर भरून आणली, तर दह्याला विरजण लावावं तसं काम होणार होतं. एवढी मोठी चालू विहीर बाईंच्या माहितीत एकच होती, दिंद्रुडच्या डेअरीवर. त्यांच्या भावाकडे.

भाऊबीजेच्या सकाळी बाई इस्त्रीचं पातळ नेसून टेंपोत माझ्या शेजारी बसल्या.

भाऊसाहेब ओट्यावर बसले होते, भोवती दिवाळीला आलेली माणसं. बहिणीला बघून ते उभे राहिले.  वहिनी आतून आल्या, बाईंना बघितलं आणि तशाच आत वळल्या.

"ताई, वाट चुकलीस का?" भाऊसाहेब म्हणाले.

"न्हाई. मागायला आले. तुझ्या गॅसच्या विहिरीतली टँकरभर स्लरी पायजे."

"कशाला?"

बाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. टोळी थांबली आहे, उद्या गाडी येणार आहे, तेही सांगितलं.

भाऊसाहेब हसले. "म्हंजी माझ्याच गाड्या रिकाम्या जाव्या म्हणून माझ्याच दारचं शेण नेणार?"

"व्हय."

"अन् मी द्यावं?"

"तू दे, न्हाईतर देऊ नको. मागणं माझं काम होतं, मी मागितलं."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि भांडं भरून बाईंसमोर धरलं.  भाऊसाहेब बहिणीकडे बघत होते, ओट्यावरची माणसंही. त्यांना सगळ्यांनाच ती जुनी गोष्ट ठाऊक होती. बाईंनी भांडं घेतलं आणि त्या पाणी प्यायल्या. सगळं. भांडं खाली ठेवून त्यांनी पदराने तोंड पुसलं.

भाऊसाहेबांनी मान फिरवली. मग गड्याला ओरडले, "टँकर काढ रे! बघतोस काय?" आणि बाईंना म्हणाले, "भाऊबीजेची ओवाळणी समज."

"ओवाळलं न्हाई, मग ओवाळणी कशाची? उसनं नेते. परत करीन."

"शेण परत करणार?"

"शेणच."

परतताना टेंपोत त्या ताठ बसून होत्या. टँकर मागून येत होता. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "बाई, तुम्ही माझ्यासारख्यासाठी—"

"रस्ता बघ," त्या म्हणाल्या.

स्लरी विहिरीत सोडली, पण गॅस लगेच होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाची गाडी माळाखाली उभी राहिली तेव्हा डोम बोटभरही हलला नव्हता. टोळी बोचकी घेऊन गोळा झाली. आईने पेटारा माळ्यावरून काढला होता. दादांनी तो खांद्यावर आणला होता.

"चूल तर थंड पडली," मुकादम म्हणाला. "आता कुणाच्या भरवशावर राहता?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, त्या आता समजावतील, आश्वासन देतील. त्या म्हणाल्या, "पेटंल असं मला वाटतं. पण खात्री न्हाई. खात्री न्हाई ती मी देणार न्हाई. ज्यांना जायचं त्यांनी जावं, मी मनात काही धरणार न्हाई."

काहीजण गाडीकडे निघाले. माझा चुलता गेला, त्याची बायको गेली. गाडी निम्मी भरली. दादा पेटारा गाडीत ठेवायला वर करत होते.

"थांबा जरा," आई म्हणाली. ती बाईंच्या समोर गेली. "बाई, एक इचारू? काल दिंद्रुडला तुमी पाणी पिलात?"

"पिले."

"त्या घरचं?"

"त्याच घरचं."

 आई मागे न वळता दादांना म्हणाली, "पेटारा खाली ठेवा."

सुंदराकाकू तर आधीच जमिनीवर बसून होत्या. त्यांच्यामागून आणखी तीन-चार घरं थांबली. गाडी निघून गेली. धूळ बसेपर्यंत सगळे तिकडे बघत उभे होते. मग बाई म्हणाल्या, "चला, सासूबाईंना थोडं कोमट पाणी दाखवा," आणि माणसं कामाला लागली.

गॅस आला तो त्यानंतर आठवडा उलटून गेल्यावर. डोम आधी एका बाजूने किंचित उचलला गेला. बर्नरपाशी काडी आईने धरली. ज्योत लागली, थरथरली आणि निळी झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुंदराकाकूंनी विहिरीच्या कडेला डोकं टेकवलं, आणि बाईंनी सगळ्यांना ढीग हुंगायला बसवलं. प्रत्येकीने मूठ नाकाशी न्यायची, वास आहे की नाही ते सांगायचं, आणि का बघायचं तेही सांगायचं. कारण सांगितलं नाही तर पुन्हा.

पुढच्या पंधरवड्यात बाई भट्टीच्या पायरीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. लातूरला राहणारी त्यांची भाची त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. तिथून त्यांचा एकच निरोप आला, "टँकर परत केला का?" मी आमच्या विहिरीतली स्लरी भरून दिंद्रुडला नेली. भाऊसाहेब स्वतः बाहेर आले. टँकरकडे बघून म्हणाले, "ही बाई मेली तरी माझं उसनं ठेवायची न्हाई." आणि मग पटकन आत गेले. थोड्या वेळाने वहिनींनी येऊन सांगितलं, कुठे ओतायचं ते.

बाई पुन्हा माळावर आल्या नाहीत. उन्हाळ्यात त्या गेल्या. शेवटी शेवटी त्यांना ऐकूही येत नव्हतं, फोनचा उपयोग नव्हता, म्हणून त्या हिवाळ्यात मी त्यांना पत्र लिहिलं. भाचीने सांगितलं, बाईंनी ते स्वतः वाचलं, चष्मा लावून, दोनदा. उत्तर आलं नाही. माझ्यापाशी त्याचा कच्चा मसुदा आहे, तोच खाली देतो.

आदरणीय बाई,

नमस्कार. पायाचं दुखणं कमी झालं असेल अशी आशा करतो. इकडे काम नीट चाललं आहे. रोशाची शेवटची कापणी उरकली. ढीग आता सुंदराकाकू तपासतात. काल त्यांनी माझा एक ढीग नापास केला आणि मला कारण सांगायला लावलं.

गाडीने गेलेल्यांपैकी चुलत्याचा फोन आला होता. पुढच्या वर्षी जागा असेल का, असं विचारत होता. मी सांगितलं की खात्री देता येणार नाही, पण ये.

तुम्हाला तब्येतीची विचारपूस केलेली आवडत नाही म्हणून ती याहून जास्त करत नाही. एक गोष्ट मात्र तुम्हाला कळवायची होती. आमचं गावाखाली एक तुकडा रान आहे. दरवर्षी आईदादा त्यात ज्वारी पेरून ऊसतोडीला जायचे. ते परत यायचे तोवर आजोबांनी ती काढलेली असायची, आणि त्यांना घरात फक्त पोती दिसायची. काल सकाळी आईला घेऊन मी रानात गेलो. ज्वारी कणसात आली आहे. आई बांधावर थांबली आणि पुढे जाईना. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "लगीन होऊन आले तवापासून दरसाल माझ्या हातानं पेरली. एवढी उंच होती हे मला ठाऊकच न्हवतं." दादा हसले. ती हसली नाही. चप्पल बांधावर काढून ती आत शिरली. थोडा वेळ तिचा पदर दिसत होता. मग तोही दिसेना, आणि ती जिकडे जाईल तिकडची कणसं तेवढी हलत होती.